देवळांच्या अंगणात जेवणारे बेट

तैवानला निघालेल्या शहरी प्रवाशाजवळ बहुधा दोन याद्या असतात : एक पाहायच्या ठिकाणांची आणि दुसरी खायच्या पदार्थांची. आम्ही मायलेकी निघालो तेव्हा या दोन्ही याद्या मी मुद्दाम एक केल्या होत्या. समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी या बेटावर देऊळ बांधायचे, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत बाजार भरायचा आणि बाजाराच्या कडेने चुली पेटायच्या, अशीच येथील अनेक जुन्या वस्त्यांची घडण आहे. महाराष्ट्राच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढ्या या बेटावर आज सुमारे २ कोटी ३० लाख लोक राहतात. मूळ आदिवासी जमाती येथे हजारो वर्षांपासून होत्याच. त्यांच्यानंतर १६२४ साली डच आले, चीनच्या फुजियान प्रांतातून होड्यांनी शेतकरी आणि व्यापारी आले, १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे जपानी राज्य होते आणि १९४९ च्या सुमारास चीनमधून दहा लाखांहून अधिक सैनिक व निर्वासित आले. येणाऱ्या प्रत्येकाने देव्हाऱ्यात काही भर घातली आणि ताटातही.

आईचे माहेर कोकणातले, पण लग्नानंतर तिने पंढरीची माळ घातली आणि तेव्हापासून ती शाकाहारी आहे. चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य करते. मी गोमांस सोडून बाकी सर्व खाते. दोघींना एकाच रस्त्यावर पोटभर जेवता येईल का, ही माझी खरी काळजी होती आणि ती पहिल्याच दुपारी मिटली.

शनिवार : लोंगशान मंदिर आणि वानह्वा

राजधानी ताइपेचा सर्वांत जुना भाग म्हणजे वानह्वा. तेथील लोंगशान मंदिर १७३८ साली फुजियानहून आलेल्या लोकांनी उभारले. भूकंप, वादळे आणि युद्ध यांनी ते वारंवार मोडले आणि लोकांनी ते पुन्हा पुन्हा बांधले. आजची वास्तू मुख्यतः १९१९ पासून हाती घेतलेल्या पुनर्बांधणीतील आहे. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य दालन जळून गेले, तरी आतील ग्वानयिनची मूर्ती शाबूत राहिली, ही हकीकत वानह्वातील लोक आजही भक्तिभावाने सांगतात. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे पूर्व आशियातील रूप. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्याने पाहिला आहे, त्याला या देवळात परके वाटण्याचे कारण नाही, मग तेथील बोधिसत्त्व स्त्रीरूपात का असेना. मधल्या मुख्य दालनात ग्वानयिन आणि मागच्या ओळीत समुद्राची देवी मात्सू, युद्धवीर ग्वान यू, विद्येचा देव, बाळंतिणींची देवी आणि लग्ने जुळवणारा म्हातारा युए लाओ असे सगळे एकाच आवारात नांदतात. कोणी कोणाच्या आड येत नाही.

देवळात आता उदबत्त्या जाळत नाहीत. लोक हात जोडून उभे राहतात. मेजांवर फुले, फळे, बिस्किटांचे पुडे आणि चिकट तांदळाचे गोड पदार्थ मांडलेले असतात. देवाला दाखवून झाल्यावर ज्याचे त्याने ते घरी न्यायचे आणि वाटून खायचे. आईने हे पाहिले आणि तिला कोणी काही समजावून सांगावे लागले नाही. तिला खरी ओळख पटली ती लाकडी तुकड्यांमुळे. लाल रंगाचे, चंद्रकोरीच्या आकाराचे हे दोन तुकडे एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असतात. मनात प्रश्न धरून ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर देवाचा होकार, दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार आणि दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव नुसता हसला, म्हणजे प्रश्न नीट विचारला गेला नाही, असे मानतात. आमच्या शेजारी एक तरुण मुलगी गुडघे टेकून पुन्हा पुन्हा ते टाकत होती. आई हलकेच म्हणाली, "अगं, ही कौल लावतेय." आमच्या आजोळी देवाच्या अंगाला कळ्या लावून उजवा-डावा कौल घेतात, त्याचेच हे दूरचे भावंड आहे.

देवळाला लागूनच ताज्या वनस्पती विकणारी एक अरुंद गल्ली आहे. पूर्वी आजारी माणूस देवळात चिठ्ठी काढून औषध विचारायचा आणि बाहेर येऊन ते याच गल्लीत घ्यायचा. आता जुड्या बांधून ठेवलेल्या पाल्याबरोबर तेथे थंडगार काढेही पेल्यातून मिळतात. त्यातला गोडसर काढा आईला आवडला. दुसरा इतका कडू होता की गुळवेल परवडली.

दुपारचे जेवण जवळच्या शाकाहारी खाणावळीत झाले. अशा खाणावळी ताइपेमध्ये मोठ्या संख्येने आहेत आणि पुष्कळांच्या पाटीवर स्वस्तिक रंगवलेले असते. चाळीस-पन्नास परातींतून हवे ते ताटात वाढून घ्यायचे, ताट काट्यावर ठेवायचे आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. टोफूचे कितीतरी प्रकार, काळे अळंबे, कमळकाकडी, भोपळा, बांबूचे कोंब, समुद्री शेवाळ आणि बिनतेलाच्या उकडलेल्या भाज्या एवढे समोर असताना ताट आवरते घेणे अवघड जाते. या शाकाहाराचे मूळ बौद्ध धर्मात आणि यीग्वान दाओ या पंथात आहे. या पंथावर १९८७ पर्यंत सरकारी बंदी होती, तरीही त्याच्या अनुयायांनी शाकाहारी खाणावळी गावोगावी चालवल्या. कडक शाकाहारात लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या पाती चालत नाहीत आणि बौद्ध ग्रंथांतील वर्ज्य यादीत हिंगही आहे. कांद्या-लसणाचे आईला नवल नव्हते, हिंगाचे मात्र झाले. दुकानातील बंद पाकिटांवरही शुद्ध शाकाहार, अंडी चालणारा, दूध चालणारा, आणि कांदा-लसूण असलेला असे वेगवेगळे शिक्के कायद्याने छापावे लागतात. शिवाय चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी मांसाहारी घरांत शाकाहार पाळतात, म्हणजे एकादशीचा अर्थ येथे कोणालाही सहज सांगता येतो.

एक सूचना येथेच लिहून ठेवते. ताइपेच्या मेट्रोत काहीही खाणे-पिणे निषिद्ध आहे. त्यात पाण्याचा घोट आणि च्युइंगम हेही आले. दंड ७,५०० तैवानी डॉलरपर्यंत होऊ शकतो. डबे लखलखीत असण्याचे हे एक कारण आहे.

रविवार : सोया दूध, राजवाड्याचा खजिना आणि राओहचा रात्रबाजार

तैवानची सकाळ सोया दुधाने उजाडते. गरम सोया दूध, मैद्याचा तळलेला लांबट यौत्याओ आणि तिळाचा थर असलेली शाओबिंग रोटी ही न्याहारी १९४९ नंतर उत्तर चीनमधून आलेल्या सैनिकांनी येथे रुजवली. खारे सोया दूध कसे करतात ते मी गल्ल्याजवळ उभी राहून पाहिले. वाडग्याच्या तळाशी थोडे व्हिनेगर, सोया सॉस, बारीक सोडे, लोणच्याच्या मुळ्याचे तुकडे आणि पातीचा कांदा घालतात आणि वरून उकळते दूध एका झोताने ओततात. व्हिनेगर लागताच दूध डोळ्यांदेखत फाटू लागते आणि त्याचे मऊ, ओलसर गोळे होतात. त्यावर यौत्याओचे तुकडे आणि मिरचीचे तेल पडले की वाडगा पुढे सरकवला जातो. आपल्याकडे दूध फाटले की घरात हळहळ होते, येथे ते फाटावे म्हणूनच सगळा खटाटोप असतो. आईने साखर घातलेले साधे दूध घेतले. शाओबिंगच्या पिठात कधी कधी डुकराची चरबी घालतात, त्यामुळे विचारल्याखेरीज शाकाहाऱ्याने ती घेऊ नये.

राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाला आम्ही सकाळचा सगळा वेळ दिला. येथे सुमारे सात लाख वस्तू आहेत आणि त्यांचा प्रवास ऐकल्यावर त्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मांचुरिया जपानने बळकावल्यानंतर १९३३ साली बीजिंगच्या राजवाड्यातील खजिना पेट्यांत भरून दक्षिणेकडे हलवण्यात आला. युद्धाच्या सगळ्या वर्षांत तो चीनभर फिरत राहिला. १९४८-४९ मध्ये त्यातील २,९७२ पेट्या जहाजांनी तैवानला आल्या आणि ताइचुंगजवळ ठेवल्या गेल्या. ताइपेतील हे संग्रहालय १९६५ साली उघडले.

तीन हजार वर्षांच्या आसपासचा माओ गोंग दिंग हा कांस्याचा तिवई-हंडा, ज्याच्या आतल्या बाजूवर सुमारे पाचशे अक्षरांचा लेख कोरलेला आहे, तो अभ्यासकांच्या दृष्टीने येथील सर्वांत मोलाची वस्तू ठरेल. गर्दी मात्र असते ती एका कोबीभोवती आणि मांसाच्या एका तुकड्याभोवती. जेडच्या एकाच खड्यातून कोरलेला तो चिनी कोबी केवळ १८.७ सेंटिमीटर उंच आहे. खडा अर्धा पांढरा आणि अर्धा हिरवा, मध्ये भेगा आणि डाग असलेला होता. कारागिराने पांढऱ्या भागाचा देठ केला, हिरव्याची पाने केली आणि भेगा पानांच्या शिरांत लपवल्या. वरच्या पानांवर एक टोळ आणि एक रातकिडा बसवला. दुसरी वस्तू गारगोटीच्या जातीच्या पट्टेदार दगडाची. तिच्यावर कातडी, चरबी आणि मांसाचे थर इतके हुबेहूब आहेत की सोया सॉसमध्ये शिजवलेला डुकराच्या मांसाचा तुकडा आताच ताटलीत ठेवला आहे असे वाटावे. या दोन्ही वस्तू कधी कधी इतर प्रदर्शनांसाठी बाहेर जातात, म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी. सम्राटांच्या खजिन्यातून लोकांनी आपले म्हणून निवडले ते रोजच्या स्वयंपाकातले पदार्थ, याचा मला मनापासून आनंद झाला.

त्याच निर्वासितांच्या पिढीने ताइपेला बीफ नूडल्सचे सूप दिले आणि आज ते शहराची ओळख झाले आहे. आम्ही दोघींनी ते खाल्ले नाही. त्यात आम्ही एकट्या नव्हतो; नांगराला जुंपलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, असे मानणारी जुनी शेतकरी कुटुंबे तैवानमध्येही आहेत.

संध्याकाळी राओह रस्त्याचा रात्रबाजार. त्याच्या तोंडाशीच मात्सूचे त्सयौ मंदिर दिव्यांनी झगमगत उभे असते आणि देवळाची पायरी उतरली की पहिला वास येतो मिरीच्या पावांचा. मैद्याच्या गोळ्यात काळी मिरी लावलेले डुकराचे मांस आणि मूठभर पातीचा कांदा भरतात, तीळ लावतात आणि कोळशाच्या खोल मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला तो गोळा थापतात. मूळ पदार्थ फुजियानमधील फूचौचा. बाहेरून कडक आणि आतून रसाने भरलेला हा पाव पहिल्या घासाला जीभ पोळवतो, म्हणून तेथील लोक आधी एक लहानसे छिद्र पाडून वाफ जाऊ देतात.

आईसाठी रात्रबाजार वानह्वाच्या खाणावळीइतका सोपा नव्हता. दर्पयुक्त टोफू शाकाहारी दिसतो, पण तो ज्या आंबवलेल्या पाण्यात मुरवतात त्यात पारंपरिक पद्धतीने कोळंबीही असू शकते, त्यामुळे शाकाहारी पाटी असलेल्या गाडीवरचाच घ्यावा लागतो. ती खुश झाली ती एका वेगळ्याच गोष्टीवर. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या जाडजूड लादीवर विक्रेता सुताराचा रंधा फिरवत होता आणि चिक्कीचा भुसा खाली साचत होता. पातळ पोळीवर तो भुसा पसरून त्यावर अळूच्या कंदाच्या आइस्क्रीमचे गोळे ठेवले, वर चिमूटभर चिरलेली कोथिंबीर टाकली आणि पोळी गुंडाळून हातात दिली. कोथिंबीर काढून टाकू का, असे त्याने खुणेने विचारले. आईने ठाम नकार दिला. थंड, गोड, खमंग आणि वरून कोथिंबिरीचा ताजा वास, हे सगळे एकत्र इतके चांगले लागते की आपल्याकडे अजून हे कोणी कसे करत नाही याचे नवल वाटते.

सोमवार : दादाओचेंग

संग्रहालये सोमवारी बंद असतात, पण बाजार चालू असतो. दादाओचेंग भागातील दीह्वा रस्ता हा ताइपेचा जुना घाऊक बाजार. खालून कमानदार पडवी, वर जपानी काळातील नक्षीदार विटांचे दर्शनी भाग आणि आत खोलवर गेलेली दुकाने अशी घरांची रांग आहे. सुकवलेले अळंबे आकारमानाप्रमाणे पोत्यांत लावलेले, खजुरासारखी लाल बोरे, सुकी कमळाची बी, सोडे, औषधी मुळ्या आणि दोऱ्यावर टांगलेली बोय माशाची खारवलेली गाबोळी. ही गाबोळी हिवाळ्याची मिजास आहे. मंद आचेवर भाजून तिचे पातळ काप मुळ्याच्या चकतीवर ठेवून खातात. कोकणातल्या माणसाला तिची किंमत ऐकून धक्का बसेल, चव घेतल्यावर बसणार नाही.

या वस्तीचा जन्म भांडणातून झाला. १८५३ साली वानह्वा भागात फुजियानच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या गटांत बंदराच्या व्यापारावरून रक्तपात झाला आणि हरलेला गट आपल्या नगरदेवाची मूर्ती उचलून नदीकाठाने येथे पळून आला. त्या देवासाठी १८५९ साली बांधलेले श्याहाय नगरदेव मंदिर एवढेसे आहे, पण आत मूर्तींची दाटी आहे. मग चहाने या वस्तीचे भाग्य उजळले. जॉन डॉड हा ब्रिटिश व्यापारी आणि त्याचा सहकारी ली चुनशेंग यांनी १८६९ साली फॉर्मोसा (तैवानचे जुने नाव) उलाँग या नावाने येथील चहा थेट न्यूयॉर्कला पाठवला आणि हरलेल्यांची वस्ती पाहता पाहता वानह्वाच्या पुढे गेली.

नगरदेवाच्या मंदिरात युए लाओची छोटी मूर्ती आहे आणि तिच्यापुढे तरुण-तरुणींची रांग असते. येथे नवस करून ज्यांचे लग्न जमले, ती जोडपी लग्नाची मिठाई आणून देवळात ठेवतात आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटली जाते. सोबत लाल बोरे घातलेला गोडसर चहाही मिळतो. अनोळखी जोडप्याच्या लग्नाचे बिस्कीट हातात घेऊन आईने त्यांना मनोमन आशीर्वाद दिला.

जेवायला मात्र आम्ही चालत त्सशेंग मंदिराकडे गेलो. तैवानमध्ये एकच जागा पाहायला वेळ असेल तर मी ही सुचवीन. हेही मात्सूचे देऊळ. त्याच्या समोर वडाच्या जातीची मोठमोठी झाडे आहेत, झाडांखाली घडीची टेबले आणि लाल स्टुले मांडलेली आहेत आणि अंगणाच्या तोंडाशी खाद्यपदार्थांच्या गाड्या ओळीने उभ्या आहेत. एका गाडीवर डुकराच्या पायाचे सूप, दुसरीवर लाल मसाल्यात मुरवून तळलेले मांस, तिसरीवर माकूळ, चौथीवर माशांच्या गोळ्यांचे सूप, पलीकडे भाताची पेज. कोठूनही काहीही मागवायचे आणि झाडाखाली बसायचे. गाडीवाले टेबलापर्यंत आणून देतात आणि नंतर आपापला वाडगा अचूक ओळखून घेऊन जातात. दुपारी बीअर घेऊन बसलेले म्हातारे, बँकेतून मधल्या सुटीत आलेल्या बायका आणि देवळातून सरळ टेबलाकडे येणारी कुटुंबे असे सगळे एकत्र जेवत होते. मी तळलेले मांस आणि पेज घेतली. आईसाठी मोबाइलवरचे चिनी अक्षरांतले "मांस, मासे, चरबी, कांदा, लसूण नको" हे वाक्य दाखवले. एका बाईंनी ते वाचले, शेजारच्या गाडीवाल्याशी दोन शब्द बोलल्या आणि रताळ्याच्या वेलाची पाने साध्या पाण्यात उकडून, वर नुसते मीठ आणि तिळाचे तेल घालून आणून दिली. रताळे आणि त्याची पाने हे तैवानमधील गरिबीच्या दिवसांतले अन्न. आता ते हौसेने खाल्ले जाते. पेज आणि पालेभाजी खाताना आई म्हणाली, "हे तर घरचंच जेवण आहे गं."

मंगळवार : सन मून लेक

जपानच्या शिनकानसेन तंत्रज्ञानावर चालणारी अतिजलद रेल्वे २००७ पासून सुरू आहे आणि ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेगाने ती ताइपेहून ताइचुंगला सुमारे तासाभरात पोचवते. मोत्यांचा चहा, म्हणजे साबुदाण्याच्या मोठ्या काळ्या गोळ्यांचा थंड दुधाचा चहा, १९८० च्या दशकात प्रथम कोणी केला, यावर ताइचुंगमधील एक दुकान आणि ताइनानमधील दुसरे दुकान यांचा सुमारे दहा वर्षे खटला चालला. २०१९ मध्ये तो कोणाच्याही मक्तेदारीविना संपला, कारण असा चहा कोणीही करू शकतो. हे गोळे टॅपिओकाचेच असतात, म्हणजे आपल्या उपवासाच्या साबुदाण्याचेच भाऊबंद. गोडी किती आणि बर्फ किती हे टक्क्यांत सांगायचे असते; आम्ही तिसरा हिस्सा साखर घेतली आणि तीही भरपूर वाटली.

बसने डोंगर चढून सन मून लेकला पोचल्यावर हवा बदलली. समुद्रसपाटीपासून ७४८ मीटर उंचीवरचे हे सरोवर थाओ जमातीच्या लोकांचे. पांढऱ्या हरणाचा पाठलाग करताना पूर्वजांना हे सरोवर सापडले, असे ते सांगतात. जपान्यांनी १९३४ साली वीजनिर्मितीसाठी पाणी वाढवले तेव्हा त्यांचे पवित्र लालू बेट बरेचसे बुडाले. आज ही जमात हजाराच्याही आत आहे. पूर्वजांची वस्त्रे टोपलीत जपून ठेवून तिची पूजा करण्याची त्यांची रीत अजून टिकून आहे. काठावरच्या इता थाओ वस्तीत राळ्याच्या पिठाचे मऊ गोळे मिळतात, ते शेंगदाण्याच्या कुटात घोळवलेले असतात.

होडीने आम्ही श्वेनग्वांग मंदिराच्या धक्क्यावर उतरलो. धक्क्यावर अळंबे घालून चहाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवलेली अंडी मोठ्या पातेल्यातून विकतात आणि त्यासाठी होडीइतकीच रांग असते. तेथून वर चढत जाणाऱ्या पायवाटेने ह्युएन त्सांगच्या मंदिरात पोचता येते. हे १९६५ साली बांधलेले मंदिर आहे. या भिक्षूच्या अस्थींचा अंश १९४२ साली नानजिंगमध्ये जपान्यांना सापडला, काही भाग जपानला गेला आणि तेथून १९५५ साली तैवानला आला. तो येथे ठेवलेला आहे. सातव्या शतकात हाच माणूस चालत महाराष्ट्रात आला होता. येथील लोक उपकाराला जागणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, असे त्याने लिहून ठेवले. पुलकेशी राजाचा पराक्रमही नोंदवला आणि त्याने वर्णन केलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठा असावा, असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्राबद्दल इतक्या आधी, इतके आपुलकीने लिहिणाऱ्या माणसापुढे आम्ही दोघी बराच वेळ उभ्या राहिलो. आईने वाकून नमस्कार केला. मीही केला.

संध्याकाळी सरोवराच्या परिसरातील यूचीचा काळा चहा घेतला. येथील हवामान आसामसारखे आहे हे हेरून जपान्यांनी १९२५ साली भारतातून मोठ्या पानांचे आसामी वाण आणून लावले. आराई कोकिचिरो या जपानी तज्ज्ञाने त्या संशोधनाला आयुष्य वाहिले. पुढे ब्रह्मदेशातील आसामी वाण आणि तैवानचा रानटी चहा यांच्या संकरातून क्रमांक १८ चे वाण तयार झाले आणि १९९९ साली ते शेतकऱ्यांना मिळाले. त्याला दालचिनी आणि पुदिन्याचा मागमूस असलेला वास येतो. दूध घालायचे नाही. आईने पहिल्या घोटाला तोंड वाकडे केले आणि दुसऱ्या कपाला स्वतःहून किटली पुढे ओढली.

बुधवार : ताइनान

ताइनान ही बेटाची जुनी राजधानी, आणि येथे देवळे व खाद्यपदार्थ दोन्ही इतके आहेत की एकाचे अंगण संपण्याआधी दुसऱ्याचे सुरू होते. १६६५ साली उभारलेले कन्फ्यूशियसचे मंदिर हे तैवानमधील पहिले. लाल भिंती, मोठी झाडे, मूर्ती नाही, फक्त नावाची पाटी. सगळ्या गजबजाटानंतर ही शांतता बरी वाटली. १९३२ साली उघडलेल्या हायाशी या जपानी दुकानाची इमारत थोड्याच अंतरावर आहे. तिच्या गच्चीवर छोटे शिंतो देवस्थान आणि दुसऱ्या महायुद्धातील हल्ल्याच्या खुणा जपलेल्या आहेत.

मला ताइनानमध्ये सर्वांत आवडले ते श्वेश्येन मंदिर. व्यापारी संघांनी जलदेवतांसाठी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या देवळाला बाजाराने पुरते वेढून टाकले आहे. मासळी, भाजी, चिरलेले मांस आणि माशाच्या गोळ्यांच्या ढिगांतून वाट काढत जावे, तो एका बोळात अचानक कोरीव दगडी खांब समोर येतात. एकेकाळी देवळापर्यंत कालव्याचे पाणी येत असे. याच देवळासमोर १८९५ साली एका कोळ्याने वादळांच्या महिन्यांत होडी बाहेर काढता येईना म्हणून खांद्यावर कावड घेऊन शेवया विकायला सुरुवात केली. तीच दानझाय शेवई. लहान वाडगा, कोळंबीच्या कवचांचे पाणी, चमचाभर खिमा, थोडा लसूण आणि वर एकच कोळंबी. भूक भागेल एवढी ती नसतेच. ती दोन जेवणांमधली. कोळ्याच्या हातची चव तिच्यात अजून आहे.

ताइनानचे लोक सकाळी मिल्कफिश माशाची पेज खातात. या माशाला दोनशेहून अधिक काटे असतात आणि ते सगळे काढून पोटाचा मऊ तुकडा वाडग्यात येतो. आईला येथे पेरू आणि सीताफळ मिळाले. सीताफळे ताइतुंगची, नारळाएवढी. पेरूवर मीठ-तिखटाऐवजी आंबट आलुबुखाराची पूड भुरभुरतात, आणि ती पूड आम्ही घरी आणण्यासाठी विकत घेतली.

गुरुवार : आनपिंग

डचांनी १६२४ पासून बांधलेला झीलँडिया किल्ला आनपिंगमध्ये आहे. आज दिसणारा मनोरा नंतरचा, खरी डच भिंत एका बाजूला उरली आहे आणि ती पाहण्यासाठीच येथे यावे. लाल विटा जावामधून आणलेल्या. त्या जोडताना साखरेचे पाणी, चिकट तांदळाचे पीठ, वाळू आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुना एकत्र कालवला होता. आपल्या जुन्या बांधकामांच्या चुन्यात गूळ घालत, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. साखर आणि तांदूळ यांच्यासाठीच तर डचांनी फुजियानमधून मजूर आणून शेते कसायला लावली. भिंतीला हात लावून पाहिला तर वडाच्या मुळ्यांनी तिला घट्ट धरले आहे. झेंग चेंगगोंग या सेनानीने नऊ महिने वेढा घालून १६६२ साली हा किल्ला घेतला. डचांनी धान्य दडवल्यामुळे त्याच्या सैनिकांनी कालवे आणि रताळ्याचे पीठ एकत्र करून तव्यावर घातले आणि कालवांचे आम्लेट जन्माला आले, अशी लोककथा आहे. कथा खरी असो वा नसो, शिंपल्यांचा चुना आणि तव्यावरची कालवे यांचा समुद्र एकच आहे.

जवळच एका ब्रिटिश व्यापारी कंपनीची जुनी वखार आहे. छप्पर गेले, भिंती राहिल्या आणि त्यांवर वडाच्या पारंब्यांनी घर केले. आईने फार वेळ वर पाहिले. मग आम्ही मात्सूच्या देवळात गेलो. कोळंबीचे तळलेले रोल, साखरेत मुरवलेली फळे आणि कालवांचे तवे देवळासमोर मांडलेलेच होते. आनपिंगची खरी ख्याती सोयाच्या दुधाच्या मऊ खरवसाची. त्यावर पाक ओतून मूग, लाल चवळी किंवा साबुदाण्याचे गोळे घालतात. यात मांसाचा, चरबीचा किंवा अंड्याचा अंशही नाही, याची मी फोन दाखवून खात्री करून घेतली. आईने एक वाडगा मुगाचा संपवला, दुसरा आल्याच्या गरम पाकातला मागवला आणि मला म्हणाली, "तू जा, तुझी कालवे खाऊन ये." मी पलीकडच्या तव्यापाशी जाऊन उभी राहिले. पुढे चार माणसे होती आणि शहराकडे परतणाऱ्या बसला अजून तासभर अवकाश होता.